बिनतारी दुवा का अडखळतो? स्विच आणि रेडिओ यांमधील प्रवाह-नियंत्रणाचा परिचय

ग्रामपंचायतीचा दैनंदिन कारभार आज मोठ्या प्रमाणावर संगणकाच्या साहाय्याने चालतो. जन्म-मृत्यूचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या, शाळेने शासनास सादर करावयाची वार्षिक माहिती, प्राथमिक आरोग्य केंद्रातून तज्ज्ञ डॉक्टरांशी होणारा दूरस्थ सल्लाविनिमय ही सारी कामे गावाला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या एका दुव्यावर अवलंबून असतात. हा दुवा सुरळीत असला की त्याचे अस्तित्वही कोणाच्या ध्यानात येत नाही. तो अडखळला, की मात्र एका दाखल्यासाठी रोजंदारी बुडवून आलेल्या मजुराला ‘उद्या या’ असे सांगण्याची पाळी येते.

देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना वेगवान संदेशवहनाने जोडण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ साली मंजुरी दिली. हीच योजना पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचा मुख्य भर प्रकाशतंतूंच्या केबलवर असला तरी, २०१७ साली मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात केबलच्या जोडीला रेडिओ आणि उपग्रह या माध्यमांचाही समावेश करण्यात आला. डोंगराळ मुलखात जमिनीखालून केबल नेणे किती जिकिरीचे असते, हे सह्याद्रीच्या वा सातपुड्याच्या परिसरात काम केलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याला ठाऊक आहे. अशा ठिकाणी एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्यापर्यंत जाणारा बिनतारी दुवा हा व्यवहार्य मार्ग ठरतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने पालघर जिल्ह्यातील गावांमध्ये ‘ग्राममार्ग’ या प्रकल्पाद्वारे बिनतारी जोडणीचे जे प्रयोग केले, त्यांना २०१७ साली आंतरराष्ट्रीय पातळीवरील पारितोषिकही लाभले.

अशा दुव्यांबाबत एक तक्रार वारंवार ऐकू येते. यंत्रावरील दिवा हिरवा असतो, सिग्नल उत्तम असतो, तरीही काम पुढे सरकत नाही. मग रेडिओ सदोष ठरवून नवा मागविला जातो, आणि तो बसविल्यावरही तक्रार कायम राहते. पुष्कळदा अशा वेळी दोष रेडिओत नसतो आणि स्विचमध्येही नसतो. तो असतो त्या दोहोंच्या समन्वयात. या समन्वयालाच तंत्रज्ञ ‘प्रवाह-नियंत्रण’ म्हणतात. त्याचे स्वरूप काय, दोष कसा ओळखावा आणि कोणत्या क्रमाने दूर करावा, याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन यंत्रे, दोन स्वभाव

स्विच म्हटले की आपल्यासमोर विजेचे बटण येते. संगणकाच्या जाळ्यातील स्विच मात्र निराळा. ती अनेक खाचांची एक पेटी असते. प्रत्येक खाचेत एकेका यंत्राची तार येते आणि आलेला संदेश ज्याचा त्याच्याकडे पोहोचविण्याचे काम ही पेटी करते. १९९० साली बाजारात आलेला अशा प्रकारचा पहिला स्विच ‘कल्पना’ या अमेरिकी कंपनीचा होता आणि तिचे संस्थापक विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे उद्योजक होते. तारेवरील या दळणवळणाच्या पद्धतीस ‘इथरनेट’ असे नाव आहे. विशेष म्हणजे, १९७३ साली इथरनेटची कल्पना मांडणारे रॉबर्ट मेटकाफ यांना स्फूर्ती मिळाली ती हवाई बेटांना रेडिओद्वारे जोडणाऱ्या, १९७१ साली सुरू झालेल्या ‘अलोहा’ जाळ्यापासून. तारेच्या जाळ्याचा उगम असा बिनतारी अनुभवातच आहे.

परंतु आज या दोन माध्यमांचे स्वभाव अगदी भिन्न झाले आहेत. तारेचा वेग ठरलेला असतो. सामान्य स्विचची खाच सेकंदाला १०० मेगाबिट अथवा १,००० मेगाबिट या वेगाने काम करते आणि एकाच वेळी पाठविणे व स्वीकारणे या दोन्ही क्रिया पार पाडते. रेडिओचा वेग मात्र परिस्थितीनुसार बदलतो. सिग्नल स्वच्छ असेल तेव्हा रेडिओ दाट संकेतनाने अधिक माहिती पाठवितो, आणि अडथळा जाणवताच विरळ संकेतनावर उतरतो. १० गिगाहर्ट्‌झच्या वरच्या लहरींवर मुसळधार पावसाचा परिणाम लक्षणीय होतो. ग्रामीण भागात पुष्कळ ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या ५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरींना पावसाची फारशी बाधा होत नाही. त्यांना त्रास होतो तो वाटेत वाढलेल्या झाडांचा आणि त्याच लहरींवर चालणाऱ्या शेजारच्या यंत्रांचा. शिवाय असे अनेक रेडिओ आळीपाळीने बोलतात आणि ऐकतात. एकेरी लोहमार्गावर एका वेळी एकाच दिशेची गाडी सोडावी, तसा हा प्रकार असतो.

म्हणजे एका बाजूला सेकंदाला १,००० मेगाबिट ओतू शकणारा स्विच आणि दुसऱ्या बाजूला कधी ५०, तर कधी जेमतेम १० मेगाबिट वाहून नेणारा रेडिओ. या दोघांच्या संगमावर काय घडते, यावर दुव्याचे यश अवलंबून असते.

पाट, मोरी आणि पाटकरी

कालव्याखालील शेतकऱ्याला हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. मोठ्या पाटातून भरपूर पाणी आले, पण रस्त्याखालची मोरी अरुंद असली, तर मोरीच्या तोंडाशी पाणी तुंबते. तेथे एखादे लहान तळे असेल तर ते काही काळ पाणी धरून ठेवते. तळे भरले की पाणी बांध ओलांडून वाया जाते. रेडिओच्या पोटातही असे एक तळे असते. त्याला ‘बफर’ म्हणतात. मोरीतून जाण्यासाठी थांबलेले संदेश त्यात रांग धरून उभे असतात.

हे तळे किती लवकर भरते, याचा हिशेब उद्बोधक आहे. समजा, बफरची क्षमता १० लाख बाइट, म्हणजेच ८० लाख बिट आहे. स्विच सेकंदाला १,००० मेगाबिट देत आहे आणि रेडिओ ५० मेगाबिट पुढे नेत आहे. दर सेकंदाला ९५० मेगाबिटची भर पडत असल्याने हे तळे सुमारे साडेआठ मिलिसेकंदांत, म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याच्या आत भरून जाते. ते रिकामे होण्यास मात्र १६० मिलिसेकंद लागतात. दुव्याचा वेग १० मेगाबिटपर्यंत उतरला, तर हाच काळ ८०० मिलिसेकंद होतो. दूरध्वनीवरील संभाषण सहजपणे चालावे यासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. भरलेल्या तळ्यामागे उभा राहिलेला डॉक्टरांचा आवाज तुटक का ऐकू येतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

बांधावरून वाहून गेलेल्या पाण्याची गत आणि हरवलेल्या संदेशाची गत यांत एक फरक आहे. हरवलेला संदेश पाठविणारा संगणक तो पुन्हा पाठवितो. त्यामुळे आधीच तुंबलेल्या मोरीवर आणखी भार पडतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि तेथून अवघ्या ४०० यार्डांवर असलेले कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कले केंद्र यांमधील जाळ्यावर असाच प्रसंग ओढवला. सेकंदाला ३२ हजार बिट हा वेग घसरून केवळ ४० बिटवर आला. या घटनेचा अभ्यास करून व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली उपाय मांडला. संदेश हरवला की पाठविणाऱ्याने आपला वेग झपाट्याने कमी करावा आणि मग तो बेताबेताने वाढवावा, हे त्या उपायाचे सार होय. आजचे संगणक याच शिस्तीचे वा तिच्या सुधारित रूपांचे पालन करतात.

‘थांबा’ असा संदेश

पाणी वाया जाण्यापूर्वीच पाटकऱ्याने वरच्या दरवाजाकडे निरोप धाडावा, हा दुसरा मार्ग. इथरनेटमध्ये ही सोय १९९७ साली ‘८०२.३एक्स’ या मानकाद्वारे झाली. रेडिओचे तळे भरत आले की तो स्विचला ‘थांबा’ असा एक लहानसा संदेश देतो. त्याला ‘पॉज फ्रेम’ म्हणतात. किती काळ थांबावे हेही त्या संदेशातच सांगितलेले असते. त्याची कमाल मर्यादा १०० मेगाबिटच्या तारेवर सुमारे एकतृतीयांश सेकंद आणि १,००० मेगाबिटच्या तारेवर सुमारे ३३ मिलिसेकंद एवढी आहे. तोवर नवा निरोप आला नाही, तर प्रवाह आपोआप सुरू होतो.

ही व्यवस्था वरवर आदर्श वाटते. तिच्यात मात्र दोन उणिवा आहेत. पहिली अशी की, हा निरोप सरसकट असतो. फाइल थांबवा आणि डॉक्टरांचा आवाज जाऊ द्या, असा भेद तो जाणत नाही. निरनिराळ्या प्रकारच्या संदेशांना वेगवेगळे थांबविण्याची सोय करणारे पुढचे मानक २०११ साली आले. पण ते प्रामुख्याने मोठ्या संगणक केंद्रांसाठी आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. रेडिओने थांबविलेला स्विच स्वतःचे तळे भरू देतो. ते भरत आले की तोही आपल्या वरच्या यंत्राला ‘थांबा’ म्हणू शकतो. समजा, तालुक्याच्या एकाच स्विचवर सहा गावांचे सहा रेडिओ आहेत. त्यांपैकी एका गावाचा दुवा मंदावला. त्याने स्विचला थांबविले आणि स्विचने मुख्य यंत्रालाच थांबविले. परिणामी उरलेल्या पाच गावांच्या निर्दोष दुव्यांकडेही काही येईनासे होते. एक चारी तुंबली म्हणून पाटकऱ्याने पाटाचा मुख्य दरवाजाच बंद करावा आणि टेलच्या शेतकऱ्यापर्यंत सर्वांचे पाणी तुटावे, तसा हा प्रकार आहे. अशा वेळी तक्रार पाच गावांतून येते, दोष मात्र सहाव्यात असतो.

दोषाची चार रूपे

अनुभवास येणारे दोष साधारणतः चार प्रकारचे असतात.

पहिला प्रकार म्हणजे नियंत्रणाचा अभाव. दोहोंपैकी एका यंत्रावर प्रवाह-नियंत्रण बंद असते. रेडिओ संदेश टाकून देत राहतो आणि स्विचला त्याचा पत्ताही नसतो. लहान चाचणी यशस्वी होते, मोठी फाइल मात्र रखडते. स्विचमध्ये आवाजाला अग्रक्रम दिलेला असूनही तो निष्फळ ठरतो, कारण रांग स्विचमध्ये न लागता रेडिओमध्ये लागलेली असते.

दुसरा प्रकार म्हणजे नियंत्रणाचा अतिरेक, ज्याचे वर्णन वर आले आहे. एखादे बिघडलेले यंत्र अखंड ‘थांबा’ असे संदेश पाठवू लागले, तरी हीच अवस्था ओढवते.

तिसरा प्रकार म्हणजे वाटाघाटीतील विसंगती. तार जोडताच दोन्ही यंत्रे आपापला वेग, एकेरी वा दुहेरी पद्धत आणि प्रवाह-नियंत्रण यांविषयी आपसात बोलणी करून घेतात. एका बाजूला ही बोलणी बंद ठेवून ‘१०० मेगाबिट, दुहेरी’ असे हाताने ठरविले आणि दुसरी बाजू स्वयंचलित ठेवली, तर दुसऱ्या बाजूला वेग कळतो, पद्धत कळत नाही. ती एकेरी पद्धतीवर उतरते. मग भार वाढताच संदेशांची टक्कर होऊ लागते. रेडिओच्या माथी मारला जाणारा दोष पुष्कळदा एवढाच असतो.

चौथा प्रकार म्हणजे तार. मनोऱ्यावरून खाली येणारी तार ऊन, पाऊस आणि वारा सोसत असते. तिच्या जोडात ओल शिरली किंवा आठ धाग्यांपैकी एखादा निकामी झाला, की १,००० मेगाबिटची जोडणी १०० वर उतरते अथवा वारंवार तुटते. अशा तारेची एकूण लांबी १०० मीटरपेक्षा अधिक असू नये, हा नियमही ध्यानात ठेवावा.

तपासणीचा क्रम

दोष शोधताना घाईने यंत्र बदलण्याऐवजी पुढील क्रम पाळणे हितावह ठरते.

१. तक्रारीची नोंद. दुवा केव्हा मंदावतो, सर्वांसाठी की एकाच कामासाठी, कार्यालयीन वेळेत की दिवसभर, हे तारीख-वेळेसह लिहून ठेवावे. ही नोंद ग्रामपंचायतीचा सेवक किंवा शाळेतील शिक्षकही ठेवू शकतात.

२. तारेची पाहणी. स्विच आणि रेडिओ या दोन्हींच्या माहितीपटावर वेग आणि पद्धत सारखीच दिसते का, ते पाहावे. सदोष संदेशांचा काउंटर वाढत असेल, तर आधी तार व जोड तपासावेत. हा टप्पा पार पडल्याखेरीज पुढे जाऊ नये.

३. भाराविना आणि भारासह विलंब. दुवा मोकळा असताना जाऊन-येऊन लागणारा वेळ मोजावा. मग मोठी फाइल पाठवीत असताना तोच वेळ पुन्हा मोजावा. पहिला आकडा काही मिलिसेकंदांचा आणि दुसरा काही शे मिलिसेकंदांचा निघाला, तर कोठेतरी तळे तुंबत आहे हे निश्चित समजावे. दुसऱ्या आकड्यात फारशी वाढ नाही, पण संदेश हरवत आहेत, तर कोठेतरी ते टाकून दिले जात आहेत.

४. रेडिओची प्रकृती. तक्रारीच्या वेळी संकेतन कोणत्या पायरीवर होते आणि किती संदेश पुन्हा पाठवावे लागले, हे रेडिओच्या माहितीपटावर दिसते. पायरी वारंवार उतरत असेल, तर मूळ कारण वाटेतील झाडे, हललेला अँटेना किंवा लहरींची गर्दी यांत शोधावे.

५. ‘थांबा’ संदेशांची मोजणी. दोन्ही बाजूंचे काउंटर शून्यावर आणून दहा मिनिटे दुव्यावर भार द्यावा आणि मग ते वाचावेत. रेडिओने पाठविलेले ‘थांबा’ संदेश आणि स्विचला मिळालेले संदेश यांचे आकडे जुळले पाहिजेत. रेडिओ संदेश टाकतो आहे आणि ‘थांबा’चा आकडा मात्र शून्य आहे, तर दोष पहिल्या प्रकारचा. स्विचने मुख्य यंत्राच्या दिशेने पाठविलेल्या ‘थांबा’ संदेशांचा आकडा झपाट्याने वाढतो आहे, तर दोष दुसऱ्या प्रकारचा.

६. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही आणि तोच दोष पुन्हा उद्भवल्यास सारे परिश्रम नव्याने करावे लागतात.

उपाय

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे मोरी तुंबण्याची वाट न पाहता वरच्या दरवाजातूनच बेताने पाणी सोडणे. दुव्याचा प्रत्यक्ष वेग मोजून, त्याहून किंचित कमी मर्यादा रेडिओच्या अलीकडील राउटरवर वा स्विचच्या खाचेवर घालावी. मोजलेला वेग ५० मेगाबिट असेल, तर मर्यादा ४५ च्या आसपास ठेवावी. यामुळे रांग लागलीच, तर ती आपल्या नियंत्रणातील यंत्रात लागते आणि तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याला वा आवाजाला अग्रक्रम देता येतो. येथे छापील क्षमतेवर विसंबू नये. खोक्यावर लिहिलेला आकडा हा बहुधा दोन्ही दिशांची बेरीज असतो आणि तोही अनुकूल परिस्थितीतला.

रेडिओचा वेग सतत वरखाली होत असेल, तर अशी स्थिर मर्यादा पुरी पडत नाही. तेथे प्रवाह-नियंत्रणाचा विचार करावा. पण तो स्थळ पाहून. गावाच्या टोकाला, जेथे स्विचमधून बाहेर जाणारी वाट एकच असते, तेथे रेडिओच्या खाचेपुरते नियंत्रण चालू ठेवण्यास सहसा प्रत्यवाय नाही. तालुक्याच्या स्विचवर मात्र, जेथे अनेक गावांचे रेडिओ एकत्र येतात, रेडिओचे ‘थांबा’ म्हणणे स्विचने ऐकावे, परंतु मुख्य यंत्राला स्वतः ‘थांबा’ म्हणू नये, अशी मांडणी करावी. शक्य असल्यास एकाच खाचेने स्विचचे सगळे तळे व्यापू नये म्हणून प्रत्येक खाचेचा वाटा ठरवून द्यावा. मंदावलेल्या गावाचे काही संदेश यात गळतील. जेकबसन यांनी सांगितलेल्या शिस्तीनुसार पाठविणारे संगणक आपला वेग आवरतील आणि शेजारच्या गावांची सेवा अबाधित राहील.

तळे मोठे केले की प्रश्न सुटेल, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. तळे जितके मोठे, तितका विलंब अधिक. या दोषाकडे जिम गेटीस यांनी २०१० च्या सुमारास लक्ष वेधले. रांगेची लांबी मोजण्याऐवजी संदेश रांगेत किती काळ थांबला हे मोजून वेळीच काही संदेश वगळण्याची पद्धत कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ साली मांडली. ही किंवा हिच्यासारखी पद्धत राउटरमध्ये उपलब्ध असल्यास ती अवश्य वापरावी.

स्थानिक संस्थांची भूमिका

हे सारे तंत्रज्ञांचे काम आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न पंचायत सदस्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु दुवा उभारून देणारा ठेकेदार काम संपवून निघून जातो आणि दुवा गावातच राहतो. म्हणून काम स्वीकारतानाच काही गोष्टींचा आग्रह धरावयास हवा. दोन्ही बाजूंच्या यंत्रांवरील मांडणी लेखी घ्यावी. भाराविना आणि भारासह मोजलेला वेग व विलंब यांचे आकडे स्वीकृतीच्या कागदपत्रांना जोडावेत. हे आकडे हाती असले, की पुढे तक्रार उद्भवल्यास पूर्वीच्या स्थितीशी तुलना करता येते. ‘इंटरनेट चालत नाही’ या तक्रारीपेक्षा ‘दुपारी बारा ते दोन या वेळेत विलंब ६०० मिलिसेकंदांवर जातो’ ही तक्रार अधिक लवकर सुटते. पावसाळ्यापूर्वी तारेचे जोड, मनोऱ्याची भूजोडणी आणि दुव्याच्या वाटेत वाढलेल्या फांद्या यांची पाहणी वार्षिक कामांत समाविष्ट करावी.

पाणीवाटपाची शिस्त आपल्या गावांना नवी नाही. धुळे-नाशिक परिसरातील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी सर्वांना मिळावे म्हणून शेतकऱ्यांनी स्वतःच नियम घातले आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळले. संदेशांच्या पाटालाही अशाच शिस्तीची गरज आहे. कोणी किती सोडावे, कोणी केव्हा थांबावे आणि एकाच्या अडचणीपायी सर्वांचा दरवाजा बंद होऊ नये, एवढी काळजी घेतली तर उपलब्ध यंत्रसामग्रीतूनच पुष्कळ गावांचे दुवे अधिक चांगली सेवा देऊ शकतील. नव्या खरेदीचा प्रस्ताव पाठविण्यापूर्वी जुन्या यंत्रांचे काउंटर एकदा अवश्य वाचून पाहावेत. त्यास दहा मिनिटांचा अवधी आणि एक वही एवढेच साहित्य लागते.